शेण कुणाचं, गॅस कुणाचा?

 कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी गोठ्यात धार काढता काढता. काम थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या. आज आपण गोबर गॅसचा इतिहास बघणार आहोत. इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मीही बीएला तेच शिकले. पण शेणालाही इतिहास असतो, आणि तो आपल्याच हातांतून गेलेला असतो, हे मला मागच्या महिन्यात कळलं.

झालं असं, की आमच्या गावच्या बैठकीत गोबर गॅसची योजना सांगायला एक साहेब आले होते. अनुदान किती, कर्ज किती, कागद कोणते, सगळं त्यांनी नीट समजावलं. अकरा जणींनी हात वर केले. मी वहीत नावं लिहीत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या. त्या दुसऱ्यांचे तीन गोठे झाडतात. मजुरी म्हणून शेण नेतात, गोवऱ्या थापतात आणि विकतात. घरचं जनावर एकच, तेही भाकड. त्या म्हणाल्या, "ताई, समद्यांचं शेण टाकीत गेलं, तर म्या काय थापू?"

बैठक गप्प झाली. साहेबांनी घड्याळ बघितलं. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. घरी आल्यावर विचार केला, की हा प्रश्न आपल्याच गावात पहिल्यांदा पडला असेल का? म्हणून शोधायला लागले. तर कळलं, की हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी देशात विचारला गेला होता. तिथपर्यंत पोचायला जरा मागून सुरुवात करू.

आमच्या परड्यातला ड्रम

सुरुवात माझ्याच घरापासून करते. आमच्या परड्यात लोखंडाचा एक मोठा ड्रम पडलेला आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, त्यात कोंबड्या कोंडतात. तो ड्रम १९८६ साली बसवलेल्या गोबर गॅसचा आहे, हे आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आत्ता विचारल्यावर सांगितलं. गॅस साडेतीन-चार वर्षं चालला. मग बंद पडला तो पडलाच.

"का हो आत्याबाई?"

"ड्रमला भोकं पडली. रंग द्यायला पायजे हुता दरसाल, त्यो कुनी दिला न्हाई. बांधून दिलेला मानूस परत फिरकला न्हाई. मग दुष्काळात दोन बैलं इकली. आन् पानी? पेयाला न्हाई तितं शेन कालवायला कुठनं आनू?"

मी विचारलं, "बसवायचं ठरलं तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "सही मामांची, नाव मामांचं. शेन मातर माजं."

मैत्रिणींनो, गोबर गॅसचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो, असं मला आता वाटतं. पण तो गॅस होतो कसा आणि आपल्याकडे आला कुठून, ते आधी बघू.

चिखलातला बुडबुडा

तळ्याच्या कडेला गाळात काठी खुपसली की बुडबुडे वर येतात, हे आपण लहानपणी पाहिलेलं आहे. १७७६ साली इटलीत व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने एका सरोवराच्या काठी हेच केलं. आपण बुडबुडे बघून पुढे जातो, त्याने ते बाटलीत धरले आणि पेटवून बघितले. ते जळले. त्या वायूला आज मिथेन म्हणतात. आपल्या गोबर गॅसमध्ये निम्म्याहून थोडा जास्त भाग हाच असतो. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो जळत नाही.

हा वायू तयार करणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना हवा चालत नाही. उघड्यावरच्या उकिरड्यात खत कुजतं त्याला हवा लागते, इथे उलट आहे. टाकी हवाबंद हवी. आत दोन पाळ्यांत काम चालतं. पहिल्या पाळीतले जीव शेणाचं, पाल्याचं आंबवण करतात. दुसऱ्या पाळीतले त्या आंबटापासून गॅस बनवतात. दुसरी पाळी हळू चालते. एकदम खूप माल ओतला, की पहिल्या पाळीचं काम पुढे धावतं, टाकी आंबते आणि गॅस थांबतो. पोटाचंही तसंच नाही का? लग्नाच्या जेवणानंतर होतं तसंच.

नव्या टाकीत जुन्या चालू टाकीतला थोडा काला टाकला तर ती लवकर सुरू होते. ते विरजण. दही लावणाऱ्या बाईला हे शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. आणि गाईच्या शेणात हे जीव मुळातच असतात, कारण तिच्या पोटातही असंच आंबवण चालू असतं. म्हणून शेण हे मालही आहे आणि विरजणही.

माटुंग्याचे दिवे आणि कोकणातले अप्पा

आपल्या देशात या गॅसची पहिली ठळक नोंद सापडते ती मुंबईत, माटुंग्याला. तिथे १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला होता. घरच्यांनी टाकलेली, रस्त्यावर बसणारी माणसं तिथे ठेवत. तिथल्या संडासांची घाण टाक्यांत सोडायचे. १८९७ च्या सुमारास त्या टाक्यांवर गॅस धरण्याची सोय केली आणि त्या गॅसवर इंजिन चालवलं. ज्यांची सावली नको म्हणून समाजाने ज्यांना हाकललं, त्यांच्याच मैल्यातून मुंबईत हा गॅस निघाला. मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

यानंतर महाराष्ट्रात ज्यांचं नाव घ्यायलाच हवं, ते अप्पासाहेब पटवर्धन. त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम मागितलं. ते वरच्या जातीचे, म्हणून तुरुंगाने ते काम द्यायला नकार दिला. अप्पांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्याला उपास धरला. मैला उपसण्याचं काम एका जातीच्या डोक्यावर का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैल्याचं खत करणारे संडास, चामड्याचं काम, गोबर गॅस, असे प्रयोग तिथे केले. त्यांचं म्हणणं साधं होतं. घाण म्हणून जे आपण टाकतो ते सोनं आहे, आणि ते सोनं करताना कुणाच्या डोक्यावर पाटी येता कामा नये.

हा धागा पुढे देहूत गेला. तुकोबांच्या देहूत. तिथे १९६० च्या सुमारास सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुहास मापुसकर आले. पोटात जंत, जुलाब, सगळं उघड्यावरच्या संडासामुळे. औषध देऊन भागणार नाही हे ओळखून त्यांनी गावाला घरोघरी संडास बांधायला लावले. अप्पासाहेबांच्या कल्पनेवर काम करून संडासाला जोडलेली गॅसची टाकी त्यांनी सुधारली. तिचं नाव 'मलप्रभा'. देहूतल्या अनेक घरांत त्या गॅसवर स्वयंपाक झाला. पहिल्यांदा बायका नाक मुरडायच्या, ते साहजिक होतं. पण जळताना गॅसला वास येत नाही आणि शेगडी पेटते म्हटल्यावर मन तयार झालं. डॉक्टरांना त्यांच्या मृत्यूनंतर २०१७ साली पद्मश्री मिळाली.

ड्रम आला, घुमट आला

शेणाच्या गॅसचा अभ्यास सुरू झाला तो दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत, १९३९ च्या सुमारास. तिथे एस. व्ही. देसाई यांनी शेण बंद टाकीत कुजवून गॅस काढून दाखवला. पण शेतकऱ्याच्या दारात बसेल असा नमुना केला तो जशभाई पटेल यांनी, १९५१ च्या सुमारास. त्याला 'ग्रामलक्ष्मी' म्हणत. विटांची विहिरीसारखी टाकी आणि तिच्यावर उलटा ठेवलेला लोखंडी ड्रम. गॅस भरला की ड्रम वर उचलतो, वापरला की खाली बसतो. आत किती गॅस शिल्लक आहे ते स्वयंपाकघरातून वाकून बघितलं तरी कळतं. बायकांना ही गोष्ट आवडायची, असं आत्याबाई सांगतात. साठच्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने हा नमुना उचलला आणि देशभर नेला.

मग १९७३ साल आलं. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी ओल्या होत्या, आणि तिकडे अरब देशांनी खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट केले. रॉकेल महागलं. रासायनिक खत महागलं. सरकारला शेण आठवलं. एकाच वस्तूतून चूल आणि खत दोन्ही! १९८१-८२ साली तर देशपातळीवरचा कार्यक्रमच सुरू झाला. अनुदान मिळू लागलं, उद्दिष्टं ठरली, आणि आमच्या परड्यातला ड्रमही त्याच लाटेत आला.

त्या ड्रमचा रोग लोखंड हाच होता. शेणाच्या गॅसमध्ये थोडा गंधकाचा वायू असतो, तो लोखंड खातो. रंग दरवर्षी द्यावा लागतो. शिवाय ड्रम हाच सगळ्यात महाग भाग. म्हणून लखनौच्या लोकांनी १९७८ च्या सुमारास 'जनता' नमुना काढला. त्यात ड्रमच नाही, जमिनीखाली विटांचा पक्का घुमट. त्यावरून १९८४ साली 'दीनबंधू' आला, तो आणखी स्वस्त. नाव बघा, ग्रामलक्ष्मी, जनता, दीनबंधू. नावात गरीब आहे. पण टाकीत गरिबाचं शेण मावतं का?

आता हिशोब करू. सगळ्यांनी मनात करा.

एका किलो ओल्या शेणातून साधारण चाळीस लिटर गॅस होतो. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरची टाकी लागते. तिला रोज पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे बांधलेली चार-पाच जनावरं. तितकंच पाणी लागतं, पन्नास लिटर, म्हणजे तीन हंडे. आपल्याकडच्या हवेत आज घातलेलं शेण चाळीसएक दिवस आत राहतं. थंडीत गॅस कमी होतो.

मिळतं काय? एक घनमीटर गॅस म्हणजे साडेतीन किलो लाकूड. दोन घनमीटर पुरते निघाले, तर रोज सात किलो सरपण वाचलं. महिन्याला दोन सिलिंडरला थोडं कमी एवढी आच झाली. धूर नाही. काजळी नाही. भांडी पांढरी राहतात. डोळ्यांची आग नाही, पोराचा खोकला कमी. आणि बाहेर पडणारा काला शेतात जातो. गोवरी जाळली की शेणातलं नत्र धुरात जातं, इथे ते काल्यात राहतं. म्हणजे नफा आहे, खराच आहे. तो नाकारायला मी इथे बसलेले नाही.

पण हिशोबाच्या कागदावर दोन गोष्टी नसतात. एक, ते पन्नास किलो शेण उचलून कालवायचं कुणी. दोन, तीन हंडे कुणाच्या डोक्यावर. ज्या गावात नळाला पाणी आहे तिथे काही वाटत नाही. जिथे टँकर येतो, तिथे सरपणाची मोळी उतरते आणि त्या जागी हंडा चढतो. आत्याबाईंचा गॅस ड्रमला भोकं पडल्यामुळे बंद पडला, हे खरं. पण पाणी असतं तर कुणीतरी ड्रम डांबर लावून बुजवला असता, हेही खरं.

मावशींचा प्रश्न जुना आहे

आता येऊ मावशींच्या प्रश्नाकडे.

तेलाचे भाव चढले आणि सगळे शेणाचं कौतुक करू लागले, तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी कागद-पेन्सिल घेतली. त्यात अमूल्य रेड्डी होते. १९७४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर यावर लेख लिहिला. त्या काळात त्यांनी आणि इतरांनी जे दाखवलं ते असं. घरगुती टाकीला चार-पाच जनावरं लागतात. तेवढी जनावरं गावात मोजक्या घरांत असतात. मग अनुदान कुणाला? ज्याच्याकडे आधीच आहे त्याला. आणि आजवर जे शेण रस्त्यावर, कुरणात, दुसऱ्याच्या गोठ्यात फुकट किंवा कामाच्या बदल्यात मिळायचं, त्याला आता किंमत येणार. मालक ते सोडणार नाही. ज्या बाईची चूल त्या शेणावर पेटते, तिची चूल विझणार.

म्हणजे आमच्या मावशी काही वेगळं बोलत नव्हत्या. विज्ञान संस्थेतल्या माणसांनी अभ्यास करून जे सांगितलं, ते त्यांनी गोठा झाडून ओळखलं होतं.

रेड्डी नुसता लेख लिहून थांबले नाहीत. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचं छोटं गाव आहे. तिथे त्यांच्या गटाने गावाची एकच सामाईक टाकी करायचं ठरवलं. आधी विचार होता सगळ्यांना स्वयंपाकाचा गॅस द्यायचा. पण शेण मोजलं तर सगळ्या घरांच्या स्वयंपाकाला पुरेल एवढं शेण गावात नव्हतंच. योजना अडली. मग गावात बसून गावाला काय हवं ते पुन्हा ठरलं. हवं होतं पिण्याचं चांगलं पाणी आणि घरात दिवा.

१९८७ पासून पुऱ्यात गॅसवर इंजिन चालू लागलं. त्यावर वीज झाली, घरांत दिवे लागले, बोअरचं पाणी वर चढलं आणि नळाला आलं. घरोघरचं शेण टाकीवर यायचं, तिथे त्याचं वजन व्हायचं. आणून देणाऱ्याला किलोमागे दोन पैसे मिळायचे. आणणारे बहुतेक कोण? बायका आणि मुलं. पैसे त्यांच्या हातात. आणि ज्याने जितकं शेण दिलं, त्याला त्या मापाने काला परत. म्हणजे शेण शेतकऱ्याचंच राहिलं, खत म्हणून त्याच्याच शेतात गेलं. मधला गॅस तेवढा गावाने घेतला.

पुऱ्याची व्यवस्था कित्येक वर्षं चालली. सगळीकडे तशी चालेल असं मी म्हणत नाही. सामाईक टाक्या अनेक गावांत भांडणात बंद पडल्या आहेत. पण पुऱ्याने तीन गोष्टी दाखवून दिल्या. आधी शेण मोजा, मग स्वप्न बघा. गावाला काय हवं ते गावाला विचारा. आणि शेण उचलणाऱ्या हाताला मोल द्या, मग ते दोन पैसे का असेना.

पाचट, तुराट्या आणि शिळं अन्न

कुणी म्हणेल, शेण नाही तर नाही, आपल्याकडे पिकाचा काडीकचरा ढीगभर आहे. पाचट आहे, सोयाबीनचं भुसकट आहे, तुराट्या आहेत, पऱ्हाटी आहे. त्यावर गॅस नाही का होणार? होतो, पण सरळ नाही. काडी कडक असते. तिच्यातला लाकडासारखा भाग ते जीव खाऊच शकत नाहीत. काडी टाकीत तरंगते, वर साय धरल्यासारखा थर बसतो आणि नळी तुंबते. शिवाय काडीत नत्र कमी, म्हणून जीव उपाशी राहतात. तुराट्या आणि पऱ्हाटी टाकीचं खाणंच नाही, त्या चुलीच्या. हिरवा पाला, भाजीची देठं, गोठ्यातलं मऊ चगाळ मात्र बारीक तोडून, दोन-चार दिवस शेणात भिजवून, थोडं थोडं घालता येतं. आणि कडब्याचं काय म्हणाल, तर त्याची वाट आपल्या आज्यांनी आधीच शोधली आहे. तो गाईला घाला. निम्मं आंबवण तिच्या पोटात होतं, दूधही मिळतं.

पुण्याच्या आरती संस्थेने दुसरा रस्ता काढला. डॉ. आनंद कर्वे यांचं म्हणणं, त्या जीवांना शेणापेक्षा पिठाचं, साखरेचं खाणं जास्त लवकर पचतं. शेण म्हणजे गाईने आधीच खाऊन उरवलेलं. म्हणून २००३ च्या सुमारास त्यांनी प्लास्टिकच्या दोन टाक्यांचा छोटा संच केला. त्यात खरकटं, किडलेलं धान्य, गळालेली फळं घालायची. शेण फक्त सुरुवातीच्या विरजणाला. या कामाला २००६ साली इंग्लंडचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. पण आपल्या घरात खरकटं किती उरतं? उरलंच तर कुत्र्याला, कोंबडीला जातं. हा संच शहरातल्या घराला, खानावळीला, आश्रमशाळेला जास्त शोभतो. आपल्या गावातली शाळा मात्र विचार करू शकते.

काडीकचऱ्याची खरी मोठी गोष्ट चालली आहे ती कारखान्यांची. पंजाबात भाताचा पेंढा शेतात जाळतात, त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. तिथे संगरूर जिल्ह्यात २०२२ साली मोठा प्रकल्प सुरू झाला. पेंढ्यापासून गॅस करून, दाबून, गाड्यांना भरायचा. रोज तेहतीस टन गॅसची त्याची ताकद आहे. केंद्र सरकारने २०१८ पासून अशा प्रकल्पांना चालना दिली आहे. आपल्या महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या प्रेसमडवर हेच होऊ लागलं आहे. यंत्रं मोठी, पैसा मोठा. पण प्रश्न तोच आहे बायांनो. काल ज्याला कचरा म्हणत होतो त्याला उद्या भाव येणार. तेव्हा तो गोळा करणाऱ्या बाईचा त्यात वाटा किती?

आमच्या बैठकीत पुढे काय झालं

हे सगळं घेऊन मी पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत गेले. म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी चार मोजण्या करू. शेण मोजू, पाणी मोजू, हात मोजू आणि नाव बघू.

शेण प्रत्येकीने सात दिवस पाटीने मोजलं. अकरापैकी पाच जणींकडेच पन्नास किलोच्या जवळपास भरलं. तिघींकडे पंचवीस, त्यांना एक घनमीटरची छोटी टाकी चालेल. बाकीच्या तिघींनी आपणहून नाव मागे घेतलं. मोजलं नसतं तर त्यांच्याही परड्यात उद्या कोंबड्याच राहिल्या असत्या.

पाण्याचं असं ठरलं, की कपडे धुतलेलं साबणाचं पाणी नको, त्याने जीव मरतात. पण गोमूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी चालतं. तेवढा हंडा कमी. तरी चैत्र-वैशाखात काय, याचं उत्तर दोघींकडे नव्हतं. त्या पावसाळ्यानंतर ठरवणार आहेत.

हात मोजताना गंमत झाली. "रोज सकाळी कोण कालवणार?" असं विचारलं तर सगळ्यांनी आपापल्या सुनेचं नाव सांगितलं. सुना मागे बसून हसत होत्या. शेवटी ठरलं, की फॉर्म भरताना घरातल्या पुरुषाने आठवड्यातून दोन दिवस कालवायचं कबूल करायचं. कागदावर नाही, बैठकीत सगळ्यांसमोर. चौघे आले. एकजण म्हणाला, "हात घाण हुत्यात." त्याच्या आईने त्याला तिथेच विचारलं, "आन् आमचं काय चंदनाचं हैत का?"

नावाचं म्हणाल, तर आठपैकी सहा फॉर्म बाईच्या नावाने गेले.

आणि मावशी? ज्या तीन गोठ्यांचं शेण त्या नेतात, त्यांतले दोन गोठे या आठ जणींत आहेत. मी पुऱ्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, शेण ही मावशींची मजुरी होती. मजुरी बंद करायची असेल तर तिच्या जागी दुसरी मजुरी द्यायला हवी. मावशींनी स्वतःच भाव सांगितला. गोठा झाडून, शेण कालवून टाकीत घालायचं. एका गोवरीला जेवढं शेण लागतं, तेवढ्याला गोवरीचाच भाव. शिवाय आठवड्याला काल्याच्या दोन पाट्या, त्यांच्या परसातल्या भाजीला. एक काकू लगेच हो म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "बघू."

त्या 'बघू'वर आमची बैठक अजून अडलेली आहे. मी घाई केलेली नाही. पण एक केलं आहे. त्या घराच्या फॉर्मवर गटाची सही आहे, आणि गटाने ठरवलंय की मावशींचं ठरल्याशिवाय ती सही पुढे जाणार नाही. यावरून माझ्याशी दोघी बोलत नाहीत, हेही सांगून टाकते.

जाता जाता दोन सावधगिरीच्या गोष्टी. बंद पडलेल्या टाकीत कुणीही, कधीही उतरू नका, पोरांना उतरू देऊ नका. आत श्वासाला हवा नसते आणि विषारी वायू असतो. एक उतरला आणि त्याला काढायला दुसरा गेला, की दोघेही जातात. आणि नवी टाकी सुरू झाल्यावर पहिला गॅस पेटवू नका, सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते, भडका उडतो.

तुमच्या गावात बंद पडलेला गोबर गॅस असेल, तर या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, तो का बंद पडला. ड्रम गंजला एवढ्यावर थांबू नका. पाणी कोण आणायचं, शेण कोण कालवायचं, बसवताना तिला विचारलं होतं का, तेही विचारा. आणि त्या शेणावर आधी कुणाची चूल पेटायची, हे विसरू नका. जे कळेल ते आपल्या केंद्रावर येऊन सांगा, पुढच्या भागात ते आपण सगळ्यांना ऐकवू.

आत्याबाईंना मी हे भाषण आधी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "समदं खरं हाय. खरं त्या ड्रममधनं कोंबड्या काढशील तर बघ."